गहाण पडलेल्या मुलखाचा हिशेब

21 मे 1853 रोजी झालेल्या तहाने वऱ्हाड गहाण पडले. 'गहाण' हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. निजाम नासिर-उद्-दौला यांच्या सरकारकडे ईस्ट इंडिया कंपनीची 45 लाखांच्या आसपास बाकी साठली होती. ती मुख्यतः 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेच्या पगाराची. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि खर्च हैदराबादच्या तिजोरीचा. बाकी फिटत नाही म्हटल्यावर फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब एवढा मुलूख कंपनीने आपल्या कारभाराखाली घेतला. सात वर्षांनी, 1860 च्या तहात, 50 लाखांचे कर्ज माफ झाले; धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र राहिले. कर्ज मिटले तरी तारण सुटले नाही. शिवाय वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा निजामाचा हक्कही याच तहाने संपवला. खर्च वजा जाता काही उरले तर ते मिळेल, एवढेच त्याच्या हाती राहिले.

हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली, 1876 मध्ये ते विलायतेलाही जाऊन आले. पण उपयोग झाला नाही. अखेर 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी करार करून वर्षाला 25 लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने घेतले आणि 1903 पासून ते मध्य प्रांताला जोडले. या पन्नास वर्षांत इथल्या काळ्या जमिनीने काय दिले ते सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून रेल्वे आली, 1870 मध्ये खामगावला तिचा फाटा गेला, अमरावती आणि अकोला या कापसाच्या पेठा झाल्या. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अजून अभिमानाने सांगतो. पण ती सोन्याची कुऱ्हाड कोणाच्या कर्जापोटी कोणाकडे ठेवली होती, आणि ठेवताना जिच्या जमिनीचा हा व्यवहार होता त्या कुणबी-माळी रयतेला कोणी विचारले होते का, हे आपण क्वचितच आठवतो.

सरकारी कर्ज, खर्चकपात आणि अर्थव्यवस्थेचा तोल या विषयावरच्या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम इथून केली आहे. हा विषय दिल्ली-मुंबईतल्या तज्ज्ञांचा आहे, आपल्याला त्यातले काय कळणार, असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे ते पान उलटतो. वऱ्हाडातल्या माणसाला तरी तसे करण्याची मुभा नाही. दुसऱ्याने काढलेल्या कर्जाला आपला अख्खा मुलूख तारण जातो आणि हिशेब विचारायची सोय राहत नाही, तेव्हा काय होते हे आपल्या इतिहासातच लिहिलेले आहे. म्हणून कोणत्याही सरकारी कर्जापुढे आणि कोणत्याही कपातीपुढे आपण चार प्रश्न ठेवायला हवेत. हे कोणी ठरवले? कशासाठी? याची किंमत कोण मोजणार? आणि हिशेब कोणाला मिळणार? पुढची सगळी प्रकरणे या चार प्रश्नांभोवती फिरतात.

हे प्रश्न नवे नाहीत. डिसेंबर 1897 मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर होते, स्वागताची धुरा दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होती. लोकमान्य त्या वेळी तुरुंगात होते. देश दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता आणि सरकार वायव्य सरहद्दीवर लढाया करत होते. त्या लढायांचा भार इंग्लंडच्या तिजोरीने उचलावा, अशी मागणी याच अमरावतीतून झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी छप्पन्नचा दुष्काळ आला आणि वऱ्हाडची दैना झाली. तो ओसरतो न ओसरतो तोच, मार्च 1902 मध्ये, मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी सरकारच्या शिलकीवरच बोट ठेवले. लोक दुष्काळाने मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत आणि ते लोकांना झेपणारे नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. जमा-खर्चाचे आकडे जुळले म्हणजे देशाची घडी बसली असे नव्हे, हा धडा आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी मांडून झाला आहे.

आता काही शब्द स्पष्ट करून घेऊ, कारण या विषयातला अर्धा गोंधळ शब्दांचा आहे.

सरकारचा खर्च दोन प्रकारचा. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा दर वर्षी होणारा आणि वर्षाअखेर संपणारा महसुली खर्च. धरण, रस्ता, दवाखान्याची इमारत, विजेचे उपकेंद्र हा मागे काहीतरी ठेवून जाणारा भांडवली खर्च. रोजच्या खर्चाला रोजची मिळकत पुरली नाही की महसुली तूट होते. सगळा खर्च धरून जेवढे कर्ज काढावे लागते त्याला राजकोषीय तूट म्हणतात.

आमचे आजोबा हाच फरक एका वाक्यात सांगत. तंगीच्या वर्षी घरात धान्य संपत आले आणि कोणाची नजर बियाण्याच्या कणगीकडे गेली की ते म्हणत, "बी खाल्लं त पेरसान काय?" बैलजोडीसाठी काढलेले कर्ज आणि बारशाच्या जेवणासाठी काढलेले कर्ज सावकाराच्या वहीत एकाच पानावर असते, पण शेतात त्यांचे हिशेब वेगळे होतात. बैलजोडी चार वर्षे राबते आणि स्वतःचे कर्ज फेडायला मदत करते. जेवणावळीचे कर्ज फेडायला दुसरे कर्ज लागते.

घराची ही उपमा इथपर्यंत उपयोगी आहे, पुढे ती फसवते. घराने खर्च कमी केला तर घराची मिळकत कमी होत नाही. सरकारचे तसे नसते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार थांबला, अंगणवाडी सेविकेचे मानधन रखडले, पाणंद रस्त्याच्या कंत्राटदाराचे देयक दोन वर्षे अडकले, तर अमरावतीच्या सक्करसाथेत आणि अकोल्याच्या टिळक रोडवर गिऱ्हाईक कमी होते. दुकानदार माल कमी भरतो, हमालाच्या फेऱ्या घटतात आणि शेवटी सरकारच्या हाती येणारा करही घटतो. एकाचा खर्च तो दुसऱ्याची मिळकत, हे सूत्र सरकारला सोडत नाही. म्हणून मंदीच्या आणि नापिकीच्या वर्षी केलेली कपात बऱ्याचदा तूट भरून काढत नाही. 2010 नंतर ग्रीसने हे फार मोठी किंमत देऊन अनुभवले: खर्च कापत गेले तसे उत्पन्नही आटत गेले आणि उत्पन्नाच्या मानाने कर्जाचे ओझे वाढतच राहिले.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. कर्जाला अंत नाही असे समजून चालणाऱ्या सरकारवर एक दिवस अशी वेळ येते की निवड हातात उरत नाही. 1991 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा आपल्या देशाला सोने परदेशी गहाण टाकावे लागले. निजामाने मुलूख दिला होता, आपण सोने दिले. महाराष्ट्राने 2005 मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करून स्वतःला मर्यादा घालून घेतली, त्यामागे हीच भीती होती आणि ती रास्त होती.

मग आज महाराष्ट्र कुठे उभा आहे? 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा आकार 7 लाख कोटी रुपयांचा होता. त्यात राजकोषीय तूट सुमारे 1 लाख 36 हजार कोटी आणि महसुली तूट 45,891 कोटी दाखवली होती. मार्च 2026 अखेर राज्यावरचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाईल, असा अंदाज होता. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत तो एक-पंचमांशाहून कमी आहे आणि मर्यादेच्या आत आहे. मला काळजी वाटते ती 9 लाख कोटींपेक्षा त्या 45,891 कोटींची. वर्षाअखेर संपून जाणाऱ्या खर्चासाठी काढलेले ते कर्ज आहे. आजोबांच्या भाषेत, कणगीला हात लागला आहे.

इथून कपातीचा प्रश्न सुरू होतो, आणि कपात कधीही दवंडी पिटून येत नाही. 1922-23 मध्ये, पहिल्या महायुद्धानंतर तिजोरी खालावली तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या समितीने कोणत्या खात्यातून किती कापायचे हे निदान छापून सांगितले. आजची कपात शांतपणे होते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. जाहीर झालेल्या लोकप्रिय योजना कोणी थांबवत नाही. उरतो विकासाचा खर्च. मग मंजूर रक्कम पूर्ण वितरित होत नाही. वर्षभर अडलेला निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुटतो आणि वेळेत खर्च झाला नाही म्हणून परत जातो. निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरली जात नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वाण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची खुर्ची रिकामी राहिली तर त्या दिवशी कोणाचे काही बिघडत नाही. बोंडअळीला किंवा येलो मोझॅकला तोंड देणारे वाण दहा वर्षांनी मिळत नाही, तेव्हा बिघडते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरचे पद रिक्त राहिले तर ताळेबंदात तेवढी बचत दिसते. त्या बचतीची किंमत कोरकू आईच्या मांडीवर मोजली जाते.

मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी 'शकुंतला' आठवा. मार्ग एका खासगी कंपनीच्या मालकीचा, गाडी भारतीय रेल्वे चालवणार, आणि रुळांची दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडलेली. गाडीचा वेग कमी होत गेला आणि एक दिवस ती थांबली. रोजच्या देखभालीचे जे पैसे वाचले त्यांच्या कितीतरी पट रक्कम आता तो मार्ग नव्याने उभारायला लागेल. धरणांचे तेच. रखडलेल्या प्रकल्पाची किंमत दर सुधारित मान्यतेत फुगते. म्हणून कपात हेही एक कर्जच आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला कागद नाही, मुदत नाही, पण व्याज आहे. ज्याच्याकडून ते घेतले जाते त्याची सही त्यावर नसते.

या बिनकागदी कर्जाला आपल्याकडे एक नाव आहे: अनुशेष. हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणाला विदर्भ-मराठवाड्याने दिला असे म्हटले तरी चालेल. मध्य प्रांतात असताना आपल्या महसुलाचा पैसा आपल्यावर खर्च होत नाही, ही वऱ्हाडची तक्रार होती. 1938 मध्ये रामराव देशमुखांनी कायदेमंडळात मांडलेल्या महाविदर्भाच्या ठरावामागे ती होती आणि ऑगस्ट 1947 च्या अकोला करारामागेही होती. 1953 च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे मान्य केले. राज्यघटनेच्या 371 (2) या कलमाने विकास खर्चाच्या न्याय्य वाटपासाठी राज्यपालांना विशेष जबाबदारी देण्याची तरतूद केली. 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने पहिल्यांदाच या तक्रारीचे आकड्यांत रूपांतर केले. राज्याचा एकूण अनुशेष 3,186.78 कोटी, त्यात विदर्भाचा 1,246.54 कोटी, म्हणजे सुमारे 39 टक्के.

त्यानंतर काय झाले पाहा. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्याच वर्षाची स्थिती धरून निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली, तेव्हा राज्याचा अनुशेष 14,006.77 कोटी निघाला आणि विदर्भाचा वाटा 47 टक्क्यांवर गेला. मोजायच्या पद्धती आणि रुपयाची किंमत बदलली होती हे धरूनही, वाटा वाढला ही गोष्ट उरतेच. सिंचनाचा अनुशेष तर अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत सर्वांत चिवट ठरला. आणि 30 एप्रिल 2020 रोजी विकास मंडळांची मुदत संपली. 1860 मध्ये हिशेब मागण्याचा हक्क एका तहाने गेला होता, या वेळी तो मुदतवाढ न मिळाल्याने गेला.

अलीकडचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा मिळू लागला. बोगस अर्ज आले, विमा कंपन्यांचा फायदा झाल्याची टीका झाली, आणि 2025 च्या खरिपापासून सरकारने ही योजना बंद केली. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला, कापसासारख्या नगदी पिकाला विमा रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत. स्थानिक आपत्तीसारखी काही संरक्षणेही गेली. वाचणाऱ्या पैशातून शेतीत दर वर्षी 5 हजार कोटींची भांडवली गुंतवणूक करू, असे सरकारने सांगितले. तत्त्व म्हणून हे चुकीचे नव्हते. खाण्याचा खर्च कापून बियाण्याला पैसा देण्याचाच तो विचार होता. पण त्याच पावसाळ्यात अतिवृष्टीने विदर्भ-मराठवाड्यातली सोयाबीन आणि पऱ्हाटी पाण्यात गेली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. एका खिशात वाचवलेले दुसऱ्या खिशातून, घाईघाईने आणि मदतीच्या नावाने गेले. बोगस अर्ज शोधून काढणे हे कष्टाचे काम होते. योजना बंद करणे सोपे होते. कपातीत बहुतेक वेळा सोपे तेच निवडले जाते.

आपल्या बाजूचा हिशेबही तितक्याच स्वच्छपणे मांडला पाहिजे, नाहीतर या पुस्तकाला अर्थ नाही. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 मध्ये सुरू झाली, तेव्हा व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याची सुटका करण्याचा तिचा हेतू होता. चांगल्या वर्षांत तिने बोनसही दिला. पण भाव बाजाराकडे न पाहता निवडणुकीकडे पाहून ठरू लागले, तोटा साठत गेला आणि तीस वर्षांनी ती मोडीत निघाली. कर्जमाफीचेही असेच. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज दिले. 2008 मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली, पण संपूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. कोरडवाहू वऱ्हाडात सात-आठ एकरांचा धनी बागायती दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असू शकतो, हे त्या अटीला ठाऊक नव्हते. 2017 आणि 2019 मध्ये पुन्हा माफ्या झाल्या. 2025 मध्ये गुरुकुंज मोझरीला त्याच मागणीसाठी उपोषण झाले. दर वेळी मागणी खरी होती, कारण दर वेळी घरे खरोखर बुडत होती. पण ज्या पाण्याअभावी, भावाअभावी कर्ज थकते त्यांच्यावरचा खर्च तसाच राहिला, तर माफी मिळालेला शेतकरी पाच वर्षांत पुन्हा त्याच बँकेच्या दारात उभा राहतो. माफी मागताना आपण अनुशेषाची मागणी मागे टाकली, ही आपली चूक आहे.

चांगले काय असते तेही आपण पाहिले आहे. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांच्या चिकाटीने ती 1977 मध्ये कायदा झाली. तिच्यासाठी शहरातल्या पगारदाराच्या खिशातून व्यवसाय कर घेतला गेला. गावातल्या मजुराच्या हाताला काम आणि त्यासाठी शहराने दिलेला रोख वाटा: खर्च कोणासाठी आणि भार कोणावर, हे कायद्यातच उघड लिहिलेले होते. 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर चालला; त्यात पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची 932 गावे होती. जिथे विहिरीचे पाणी पिकाला आणि पोटाला दोन्हीला बाधते, तिथे शेततळ्यासाठी कर्ज काढणे म्हणजे बैलजोडीसाठी कर्ज काढणे. आता 85 हजार कोटींहून मोठ्या वैनगंगा–नळगंगा नदीजोडचे स्वप्न समोर आहे. त्यातून 3 लाख 71 हजार हेक्टर भिजेल असे सांगितले जाते. ते कर्जही जरूर काढावे, पण वर्षावर्षाला किती पैसा आला आणि पाणी कुठवर पोचले, हे अमरावतीच्या आणि अकोल्याच्या माणसाला कळेल अशा रीतीने.

1933 मध्ये मध्य प्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. वऱ्हाडात तो पंजाबराव देशमुखांच्या नावाशी जोडून आठवला जातो. त्या कायद्याने सावकार आणि कुळाला मंडळासमोर बसवले, दोघांच्या वह्या उघडल्या आणि झेपेल एवढ्या रकमेवर तडजोड घडवायचा मार्ग दिला. मला सरकार आणि वऱ्हाड यांच्यात तसेच काहीसे हवे आहे. राज्याने आपल्या कर्जाच्या आकड्याशेजारी, त्याच पानावर, दर वर्षी अनुशेषाचा आकडा छापावा. बँकांचे देणे जेवढ्या गांभीर्याने मोजले जाते तेवढ्याच गांभीर्याने न बांधलेला कालवा आणि न भरलेले पद मोजले जावे. मग कपात करायची वेळ आली तर ती कोणाच्या वहीवर पडते ते सर्वांना दिसेल, आणि तेव्हा जो निर्णय होईल तो आपण समजून-उमजून सोसू.

पुढच्या पानांतले आकडे वाचताना काही ठिकाणी दम लागेल, याची मला जाणीव आहे. तरी वाचक ते ओलांडून जाणार नाही, अशी आशा आहे. आपल्या पणजोबांना या मुलखाचा हिशेब विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला मत आहे, ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे. गहाणखत वाचता येत असताना ते न वाचणे आपल्याला शोभणार नाही.

अमरावती